मोडता येईल अशी नळी

नवऱ्याच्या पायाचा अंगठा सुजला की आमच्याकडे कोल्चिसिनची गोळी निघते. अर्ध्या मिलिग्रॅमची, आकाराने क्षुल्लक. त्याच खणात जंताची गोळी असते, अल्बेंडाझोल ४००, जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना चघळायला देतात तीच. गॅलरीत सदाफुलीच्या कुंड्या आहेत. या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं. आणि माझ्या मावसबहिणीला, आमच्या ताईला, स्तनाच्या कर्करोगासाठी दर आठवड्याला सलाइनमधून जे दिलं जात होतं ते पॅक्लिटॅक्सेल. गाऊट, जंत, ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग. एका आजाराचा डॉक्टर दुसऱ्याच्या वाटेला जायचा नाही, पण ही चारही औषधं शरीरात जाऊन चिकटतात ती एकाच प्रकारच्या प्रथिनाला. ट्यूब्युलिन त्याचं नाव.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात ट्यूब्युलिन दोन ओळींत उरकतं: सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिनच्या बनलेल्या असतात आणि पेशीला आकार व आधार देतात. परीक्षेला एवढं पुरतं, खोटंही नाही. पण आधार म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे काहीतरी पक्कं, एकदा बांधलं की झालं असं उभं राहतं. या प्रथिनाची सगळी गंमत ते पक्कं नसण्यात आहे. आणि ते पक्कं का नाही, याचं उत्तर त्याच्या घडणीतच सापडतं.

ट्यूब्युलिन कायम जोडीने असतं. एक अल्फा, एक बीटा. प्रत्येकात साधारण साडेचारशे अमिनो आम्लं, आणि घडी जवळपास सारखीच. जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. एका जोडीच्या बीटावर पुढच्या जोडीचा अल्फा बसतो, अशा जोड्या एकावर एक चढून लांब पट्टी होते, आणि बहुतेक पेशींत अशा १३ पट्ट्या कडेला कड लावून गोल मिटल्या की २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. सगळ्या जोड्यांची तोंडं एकाच दिशेला असल्याने नळीची दोन टोकं सारखी वागत नाहीत. ज्या टोकाला बीटा उघडे असतात ते भराभर वाढतं, अल्फाचं टोक मंद असतं.

इथवर कुठलंही पुस्तक सांगेल. करामत पुढे आहे. अल्फा आणि बीटा दोघांच्याही अंगात जीटीपीचा, म्हणजे पेशीतल्या एका ऊर्जा साठवणाऱ्या द्रव्याचा, एकेक रेणू असतो. अल्फाचा रेणू जोडीच्या सांध्यात गाडलेला. तो बाहेर येत नाही आणि खर्चही होत नाही. बीटाचा मात्र उघड्या अंगाला असतो. त्याचं विघटन होऊन जीडीपी व्हायला जे एक अमिनो आम्ल लागतं ते बीटाकडे नाहीच. ते असतं वर येऊन बसणाऱ्या पुढच्या जोडीच्या अल्फाकडे: २५४ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल. म्हणजे जोडी सुटी फिरते आहे तोवर तिचा जीटीपी शाबूत. ती नळीत बसली आणि तिच्या डोक्यावर दुसरी येऊन टेकली, की त्या दुसरीमुळेच तिच्या जीटीपीचे दिवस भरतात. नळी ज्या कृतीने वाढते त्याच कृतीने तिच्या मोडण्याचीही सोय होत जाते. वर्गात हे सांगताना मी मुद्दाम खडू खाली ठेवते. एखाददुसरा चेहरा उजळतो. बाकीचे ‘हे परीक्षेला आहे का’ असं बघतात. असो.

आता आकाराकडे या. सुटी जोडी सरळ नसते. अल्फा आणि बीटा यांच्यात थोडा बाक असतो. नळीच्या भिंतीत बसायचं तर तिला सरळ व्हावं लागतं, आणि जीटीपी असेपर्यंत ते तिला शेजाऱ्यांच्या आधाराने जमतं. जीटीपीचं जीडीपी झालं की ती पुन्हा वाकू पाहते, पण एव्हाना खाली-वर आणि डावी-उजवीकडे अडकलेली असते. असा ताण साऱ्या भिंतीत साठत जातो. बुरूड टोपली विणतो तेव्हा उभ्या कामट्या सारख्या बाहेर फाकू पाहतात. वरचा काठ वळून घट्ट झाला की गप्प बसतात, काठ सुटला की पसरतात. नळीचा काठ म्हणजे टोकावरच्या ताज्या जोड्या, ज्यांचा जीटीपी अजून शिल्लक आहे. नव्या जोड्यांची आवक चालू आहे तोवर काठ टिकतो. आवक मंदावली आणि मागून येणारं विघटन टोकाला पोचलं, की पट्ट्या बाहेरच्या अंगाला वळत एकमेकींपासून सुटतात आणि नळी टोकाकडून ओसरत जाते. वाढण्यापेक्षा हे मोडणं किती तरी वेगवान.

हे वागणं पहिल्यांदा नीट ओळखलं ते टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी, सॅन फ्रान्सिस्कोत, १९८४ साली. त्यांनी परीक्षानळीत सूक्ष्मनलिका वाढवल्या, द्रावण पातळ केलं आणि काय होतं ते पाहिलं. नळ्यांची संख्या घटत गेली, पण उरलेल्यांची सरासरी लांबी वाढत गेली. म्हणजे एकाच द्रावणात, एकाच तापमानाला, एक नळी वाढते आहे आणि तिच्या शेजारचीच कोसळते आहे. समतोल नावाची जी गोष्ट आपण रसायनशास्त्रात शिकतो तिला हे धरून नव्हतं. याला त्यांनी गतिक अस्थिरता म्हटलं.

पेशीला असलं अस्थिर सामान कशाला हवं, हे पेशीविभाजन पाहिलं की कळतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं पेशीत इकडेतिकडे पडलेली असतात आणि त्यांचा पत्ता कुणाकडे नसतो. तुर्कतंतू म्हणजे याच नळ्या. त्या दोन ध्रुवांपासून चहूकडे आंधळेपणाने वाढतात. जिच्या टोकाला गुणसूत्र लागलं नाही ती कोसळते, तिच्या जोड्या सुट्या होतात आणि त्याच सामानातून दुसरी नळी दुसऱ्या दिशेला निघते. या काळात बहुतेक नळ्यांचं आयुष्य मिनिटभरही नसतं. जिला गुणसूत्र सापडलं ती टिकते. आणि मग भिंतीत साठलेला तो ताण कामाला येतो: टोकाच्या पट्ट्या बाहेर वळत सुटत असताना गुणसूत्राला ध्रुवाकडे ओढतात. मोडता मोडता ओढणं. माझ्या मते पेशीशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात ‘तुर्कतंतू आकुंचन पावतात’ या तीन शब्दांत संपते. आकुंचन बिकुंचन काही नाही. नळी आखडत नाही, टोकाकडून विरघळते.

हे प्रथिन सापडलं तेही एका विषामुळे. पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर कुंपणांवर चढलेली कळलावी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते विष ओळखीचं आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास लाल-पिवळ्या ज्वाळांनी फुललेली ही वेल नखशिखांत विषारी, कंद तर विशेषच, आणि तिच्यातला मुख्य विषारी घटक कोल्चिसिन. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या कंदातून मिळतं आणि सांधेदुखीवर शतकानुशतकं दिलं जात आलं आहे. १९६७ साली शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं कोल्चिसिन वापरून ते पेशीत नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढला. विभाजन होणाऱ्या पेशींत चिकटलं, हे अपेक्षितच होतं. पण ज्या ऊतींत ते भरपूर चिकटलं त्यांत मेंदू होता, आणि मेंदूच्या पेशी तर विभाजन जवळपास करतच नाहीत. पुढच्याच वर्षी जपानच्या हिदेओ मोहरी यांनी या प्रथिनाला ट्यूब्युलिन हे नाव दिलं. मेंदूत ते इतकं कशाला, हा प्रश्न ताईच्या पायांपर्यंत येऊन पोचणार आहे, म्हणून तूर्त बाजूला ठेवते.

कोल्चिसिन बसतं कुठे? अल्फा आणि बीटा यांच्या सांध्याशी, बीटाच्या बाजूला. २००४ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा उलगडा झाला. सुटी जोडी वाकलेली असताना तिथे जागा असते. कोल्चिसिन त्या जागेत शिरून बसलं की जोडीला सरळच होता येत नाही. सरळ नाही म्हणून नळीत नीट बसणं नाही. गाऊटमध्ये सांध्याकडे धाव घेणाऱ्या पांढऱ्या पेशींना या नळ्या लागतात, म्हणून सूज उतरते. डोस जास्त झाला तर आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज यांतल्या सतत विभागणाऱ्या पेशी आधी बळी पडतात. नवऱ्याला मी गोळ्या मोजून देते ती उगाच नाही.

सदाफुलीचं व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन वेगळ्या ठिकाणी बसतं, दोन जोड्यांच्या मध्ये, आणि पट्टीला आणखी वाकवतं. सरळ पट्टीऐवजी मळसूत्री वेटोळी तयार होतात.

पॅक्लिटॅक्सेल या सगळ्यांच्या उलट निघालं. १९६२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचे नमुने गोळा केले. त्यातलं कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य वेगळं काढलं ते नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले होते. टॅक्सॉलची रेणूरचना या गटाने १९७१ साली प्रसिद्ध केली. (पुढे टॅक्सॉल हे एका कंपनीचं व्यापारचिन्ह झालं आणि औषधाला पॅक्लिटॅक्सेल म्हणायची पाळी आली. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्याच हातून नाव गेलं.) वाणी २०२० साली वारले. नंदुरबारमधल्या किती शाळांत त्यांचं नाव मुलांना ठाऊक असेल, हा विचार मला अधूनमधून टोचतो.

ते द्रव्य पेशीत करतं काय हे तेव्हाही कळलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत ते पोचलं, आणि १९७९ साली त्यांनी, विद्यार्थी पीटर शिफ यांच्या बरोबरीने, दाखवून दिलं की टॅक्सॉल नळ्या मोडत नाही. नळ्या बनायला मदत करतं आणि बनलेल्या मोडू देत नाही. कोल्चिसिन आणि सदाफुलीच्या औषधांनी सगळ्यांना एकाच दिशेने विचार करायची सवय लागली होती: नळी बनू द्यायची नाही, पेशी मरेल. इथे नळ्यांचे जुडगे भरलेली, मजबूत दिसणारी पेशी, आणि तीही मरते आहे. गुणसूत्रं शोधणाऱ्या नळ्यांना मोडून पुन्हा निघताच आलं नाही तर शोध संपतोच.

१९९०च्या दशकात सांता बार्बराच्या मेरी अ‍ॅन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांनी याच्याही पुढची गोष्ट पुढे आणली. औषधाचं प्रमाण अगदी कमी ठेवलं तर मोडणाऱ्या औषधांनी नळ्या फारशा घटत नाहीत आणि टिकवणाऱ्या औषधाने फारशा वाढतही नाहीत. दोन्ही प्रकारांत फक्त नळ्यांची वाढ-मोड थंडावते, आणि तेवढ्यानेच विभाजन अडतं. नळ्या किती आहेत याला इथे महत्त्व नाही, त्या बदलत राहतात की नाही याला आहे. एका टोकाला कळलावी, दुसऱ्या टोकाला यूची साल, आणि परिणाम एकच.

ट्यूब्युलिनचं प्रत्यक्ष रूप दिसायला १९९८ साल उजाडावं लागलं. इव्हा नोगालेस, शॅरन वुल्फ आणि केनेथ डाउनिंग यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ते मिळवलं, ३.७ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतक्या बारकाव्याने. अडचण अशी की सतत मोडणाऱ्या वस्तूची छबी घ्यायची कशी. त्यांनी जस्त घालून नळीऐवजी ट्यूब्युलिनचे सपाट पत्रे वाढवले, आणि ते टिकावेत म्हणून टॅक्सॉल घातलं. म्हणजे या प्रथिनाच्या पहिल्या चित्रात औषधाचा रेणू आधीपासूनच जाऊन बसलेला आहे: बीटाच्या अंगावर, नळीच्या आतल्या पोकळीकडे, शेजारच्या पट्टीला धरणाऱ्या वळशाजवळ. शेजाऱ्याशी असलेली पकड मजबूत करून ते ताणाला दाबून ठेवतं. ‘नेचर’च्या त्याच अंकात यान लोवे आणि लिंडा एमॉस यांनी एफटीएस-झेड या सूक्ष्मजीवांतल्या प्रथिनाची रचना दिली होती. अमिनो आम्लांचा क्रम पाहिला तर ट्यूब्युलिनशी त्याचं नातं जेमतेम दिसतं. घडी मात्र तीच. जीवाणू दोन तुकड्यांत विभागतात तेव्हा त्याचीच कडी कामाला येते. एवढ्या जुन्या घडीत उत्क्रांतीने फार ढवळाढवळ केलेली नाही, आणि औषधं शोधणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. कर्करोगाच्या पेशीतलं ट्यूब्युलिन आणि आपल्या चांगल्या पेशींतलं ट्यूब्युलिन यांत धरायला जागाच नाही.

ताईचं आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल निम्म्यावर आलं तेव्हा तिचा फोन आला. “अगं, ओट्याशी आले तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गळाली पत्ताच नाही.” त्या आधी पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या, तिकडे तिने लक्ष दिलं नव्हतं. मग हाताची बोटं. ताई पोस्टात काउंटरवर होती. नोटा मोजणं तिच्या बोटांत इतकं मुरलेलं की टीव्ही बघत मोजायची. आता नोट एक आहे की दोन चिकटल्यात हे बोटाला कळेना. केस जातील हे तिने गृहीत धरलं होतं, केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागतात हे मीच तिला सांगितलेलं. “पण पायाची बोटं कुठं विभागतायत?” तिने विचारलं. रास्त प्रश्न होता.

म्हणून मेंदूकडे, म्हणजे चेतापेशींकडे परत. चेतापेशी विभागत नाहीत, पण लांब असतात. पायाच्या अंगठ्यातलं स्पर्शज्ञान घेणाऱ्या पेशीचं शरीर कमरेजवळ, मणक्याच्या बाजूला असतं, आणि तिचा तंतू अंगठ्यापर्यंत जातो: एक मीटरच्या आसपास. त्या टोकाला लागणारी प्रथिनं बहुतांशी कमरेशी तयार होतात आणि तिथून पोचवावी लागतात. तंतूभर पसरलेल्या नळ्यांवरून काइनेसिन नावाचं प्रथिन इवल्या पिशव्यांत भरलेला माल घेऊन चालतं. चालतं हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. त्याला दोन पाय असतात, ते आळीपाळीने पुढे पडतात, आणि एका पावलाला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा एक रेणू खर्च होतो. १९९३ साली प्रकाशाच्या चिमट्यात धरून त्याचं एक पाऊल मोजलं गेलं: ८ नॅनोमीटर. ट्यूब्युलिनच्या जोडीची लांबीही तेवढीच, कारण प्रत्येक जोडीवर पाय ठेवायला जागा एकच. अंगठ्यापर्यंत साडेबारा कोटी पावलं. एकच काइनेसिन सगळं अंतर जात नाही, माल हातोहात पुढे सरकतो, दिवसाला वीस ते चाळीस सेंटिमीटर. म्हणजे कमरेहून निघालेला माल अंगठ्याला पोचायला अडीच ते पाच दिवस.

या वाटेत नळ्यांची घडण बिघडली, त्यांची नैसर्गिक उलाढाल थंडावली, की वाहतुकीला धक्का बसतो, आणि सगळ्यात लांबच्या तंतूला तो आधी जाणवतो. म्हणून आधी पायाची बोटं, मग पावलं, मग हाताची बोटं. मोजे आणि हातमोजे घालतो बरोबर तेवढाच भाग बधिर होत जातो, आणि डॉक्टरही तेच शब्द वापरतात. ताईला हे सगळं समजावलं तर म्हणाली, “म्हणजे मी उंच आहे म्हणून?” तसं अगदी नाही, पण मला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि एक आठवडा मध्ये सोडला.

जंताच्या गोळीचं मात्र वेगळं. अल्बेंडाझोल कृमींच्या बीटा-ट्यूब्युलिनला, कोल्चिसिनच्या जागेजवळच, घट्ट पकडतं. आपल्या ट्यूब्युलिनवर त्याची पकड बरीच सैल, शिवाय आतड्यातून रक्तात ते थोडंच जातं. एवढ्या सारख्या प्रथिनात इतका फरक कशाने? एखाददुसऱ्या अमिनो आम्लाने. मेंढ्यांच्या पोटात रक्त शोषणाऱ्या एका कृमीत बीटा-ट्यूब्युलिनच्या २००व्या जागी फिनाइलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन आलं की औषध निकामी होतं. दोन्ही अमिनो आम्लांत एका ऑक्सिजन अणूचा फरक. आणि गंमत अशी की माणसाच्या बीटा-ट्यूब्युलिनच्या बहुतेक प्रकारांत त्या जागी टायरोसिनच आहे. जगभरच्या मेंढपाळांना या बदलाचा फटका बसलेला आहे, तोही वारंवार तेच औषध पाजून.

कर्करोगाच्या बाबतीत असा फरक मिळत नाही, म्हणून लोकांनी दुसरी वाट धरली. ट्यूब्युलिन वेगळं ओळखता येत नसेल तर निदान पेशी ओळखावी. ट्यूब्युलिनवर चालणारं अतिजहाल विष प्रतिपिंडाला जोडायचं; प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीवरची खूण शोधून तिला चिकटेल, पेशी त्याला आत ओढून घेईल आणि विष आत सुटेल. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन २०११ साली आणि ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन २०१३ साली अमेरिकेत मंजूर झाली, दोन्हींतलं विष ट्यूब्युलिनवरच जातं. कल्पना मला मनापासून आवडते. तरी ब्रेंटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांत हातापायांच्या बधिरतेची तक्रार नेहमीची आहे. थोडं विष वाटेत सुटतं, आणि सुटलेल्या विषाला चेतापेशीतल्या नळ्याही तितक्याच जवळच्या.

हे शेवटचं मी ताईला सांगितलं नाही. तिने त्या आठवड्यात मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या होत्या, घरात घालायला वेगळ्या आणि बाहेर वेगळ्या, आणि अंघोळीचं पाणी आता कोपराने बघते असं सांगत होती.